लोकशाहीर अण्णा भाऊ साठे

चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील वनसमृद्ध जिल्हे होत. इ. स. १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. शेजारच्या भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांसह ह्या मुलखाला लोक झाडीपट्टी असे म्हणतात. दिवाळी सरते, धानाची कापणी व मळणी आटोपते, आणि झाडीपट्टीत नाटकांचे दिवस सुरू होतात. गावात मंडई भरते, घरोघरी पाहुणे येतात, आणि रात्री मोकळ्या जागेत उभारलेल्या मंडपात नाटकाचा पडदा वर जातो, तो पहाट होईपर्यंत खेळ चालतो. वडसा हे गाव तर ह्या नाटकमंडळ्यांचे माहेरघरच मानले जाते. दंडार आणि खडीगंमत हे ह्या भागातील जुने लोकनाट्यप्रकार. ते पाहावयास शिकलेली माणसे येतात, तशी अक्षरओळख नसलेली माणसेही येतात. मंडपात शिरताना कोणालाही त्याचे शिक्षण विचारले जात नाही. ज्यांनी आयुष्यात एकही पुस्तक उघडलेले नाही, अशा वृद्धांनाही नाटकातील संवाद आणि गाणी तोंडपाठ असतात.

महाराष्ट्राच्या प्रत्येक भागात अशी लोकरंगभूमी आहे. कोकणात ती दशावताराच्या रूपाने दिसते, तर पश्चिम महाराष्ट्रात तमाशाच्या रूपाने. लोकांच्या ह्या रंगभूमीवर वाढलेला आणि शाळेत जवळजवळ न गेलेला एक मनुष्य पुढे मराठीतील अत्यंत लोकप्रिय कादंबरीकार आणि नाट्यलेखक झाला. त्याने तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, शेकडो प्रयोग होणारी लोकनाट्ये रचली आणि आपल्या पोवाड्यांनी लाखो माणसे जागी केली. त्याचे नाव अण्णा भाऊ साठे.

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या वाळवे तालुक्यात आहे. त्या काळी ते सातारा जिल्ह्यात मोडत असे. त्यांचे मूळ नाव तुकाराम. वडिलांचे नाव भाऊराव आणि आईचे नाव वालुबाई. हे कुटुंब मातंग समाजातील होते. दोरखंड वळणे, केरसुण्या बांधणे, हलगी वाजविणे आणि गावाची राखण करणे ही ह्या समाजाची परंपरागत कामे. गावाचे त्यांच्यावाचून अडत असे. तरीही गाव त्यांना अस्पृश्य मानीत असे. त्यांची वस्ती गावाबाहेर आणि त्यांचा पाणवठाही निराळा.

त्यात परक्या सरकारच्या जुलमाची भर पडली होती. काही जातिजमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा एक कायदा इंग्रजांनी इ. स. १८७१ मध्ये केला. कोठे चोरी झाली, की खऱ्या चोराचा शोध घेण्यापूर्वी ह्या वस्त्यांवर धाड पडे. धडधाकट पुरुषांना ठरलेल्या वेळी चावडीवर हजेरी द्यावी लागे. पित्याने काही अपराध केला असो वा नसो, पुत्राच्या कपाळी गुन्हेगाराचा शिक्का बसलेलाच असे. स्वतंत्र भारताने इ. स. १९५२ मध्ये हा कायदा रद्द केला. परंतु तुकारामाचे बालपण मात्र त्याच्याच छायेत गेले.

तुकारामाला शाळेत घातले, पण तेथे त्याचा निभाव लागला नाही. अस्पृश्य मानलेल्या मुलांना त्या काळी वर्गात वेगळे बसावे लागे आणि क्षुल्लक कारणावरून मार खावा लागे. अपमान सहन न होऊन तुकारामाने शाळा सोडली. त्याचे शालेय शिक्षण अवघे दीड दिवसाचे, असेच सर्वत्र सांगितले जाते. शाळा सुटली, तरी त्याचे शिकणे मात्र थांबले नाही. वारणेच्या खोऱ्यातील डोंगर, ओढे आणि रानवाटा त्याच्या पायांखालच्या झाल्या. पशुपक्ष्यांच्या सवयी त्याला ठाऊक झाल्या. लाठी, दांडपट्टा यांचे हात तो शिकला. रात्री वस्तीवर शूर माणसांच्या कथा निघत. त्या कथांत फकिरा नावाच्या एका वीराचे नाव वारंवार येई. ते नाव ह्या मुलाच्या मनात खोल जाऊन बसले.

वडील मुंबईत मोलमजुरी करून कुटुंब पोशीत. गावी दुष्काळाने जगणे अशक्य झाले, तेव्हा सर्वांनाच मुंबईस नेण्याचे त्यांनी ठरविले. इ. स. १९३१ च्या सुमाराची ही गोष्ट. गाडीभाड्यास पैसे नव्हते, म्हणून हे कुटुंब पायीच निघाले. वाटेगावापासून मुंबई सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. वाटेत जेथे काम मिळे तेथे मुक्काम करावयाचा, मजुरी करावयाची, चार दिवसांची भाकरी जमली की पुन्हा चालू लागावयाचे, असा तो प्रवास होता. तुकाराम तेव्हा अकरा वर्षांचा होता. ज्या वयात इतर मुले पाटी-दप्तर घेऊन शाळेत जातात, त्या वयात तो डोक्यावर गाठोडे घेऊन मुंबईची वाट तुडवीत होता.

मुंबईत त्याने मिळेल ते काम केले. हमाली केली, हॉटेलात कपबशा धुतल्या, घरगड्याचे काम केले, कोळसा वेचला, पुढे गिरणीतही राबला. पण ह्याच शहराने त्याला अक्षरे दिली. मुंबईच्या रस्त्यांवर जिकडेतिकडे दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांच्या जाहिराती लावलेल्या असत. कोणते दुकान कशाचे हे त्याला ठाऊक असे. मग पाटीवरील अक्षरे कोणती असावीत, याचा तो अंदाज बांधी. एका पाटीवर ओळखलेले अक्षर दुसऱ्या पाटीवर शोधी आणि ठाऊक असलेल्या मित्राला विचारून खात्री करून घेई. अशा रीतीने एकेक अक्षर गोळा करीत तो वाचू लागला. आपण मुळाक्षरे फळ्यावर शिकतो. अण्णा भाऊंनी ती मुंबईच्या भिंतींवर शिकली.

काही वर्षांनी कुटुंब गावी परतले. तेथे नात्यातील बापू साठे यांचा तमाशाचा फड होता. तरुण तुकाराम त्या फडात सामील झाला. त्याची स्मरणशक्ती तीव्र, आवाज पहाडी आणि बोलणे हजरजबाबी. ढोलकी, पेटी अशी वाद्येही तो वाजवू लागला. सोंग कसे आणावे, हसता हसता प्रेक्षकांना गंभीर कसे करावे, कोणत्या शब्दावर माणसे डोलतात आणि कोणत्या शब्दावर कंटाळतात, हे सारे तो तेथे शिकला. अण्णा भाऊंची खरी नाट्यशाळा हीच. पुढे त्यांनी लिहिलेल्या प्रत्येक लोकनाट्यात ह्या शाळेचा ठसा दिसतो.

त्यानंतर अण्णा भाऊ पुन्हा मुंबईस आले, ते माटुंग्याच्या लेबर कॅम्प ह्या श्रमिक वस्तीत. येथे कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्यांशी त्यांचा निकटचा संबंध आला. कामगारांच्या सभा, संप आणि मिरवणुका यांत ते भाग घेऊ लागले. फावल्या वेळी ते पुस्तके वाचीत. मॅक्झिम गॉर्की ह्या रशियन लेखकाचा त्यांच्या मनावर विशेष परिणाम झाला. गॉर्कीही लहानपणीच पोरका झालेला. त्यानेही शाळा अर्ध्यावर सोडली, व्होल्गा नदीवरील आगबोटीत भांडी घासली आणि देशभर भटकत माणसे पाहिली. पुढे त्याच कष्टकऱ्यांविषयी लिहून तो जगप्रसिद्ध झाला. दूरदेशीच्या ह्या लेखकाच्या चरित्रात अण्णा भाऊंना आपलेच आयुष्य दिसले असल्यास नवल नाही. आपल्यासारख्या माणसाचे जगणे हाही साहित्याचा विषय होऊ शकतो, हे त्यांना उमगले.

लेबर कॅम्पात डासांचा सुळसुळाट फार होता. अण्णा भाऊंच्या आरंभीच्या रचनांपैकी एक ह्या डासांवरच होती. वस्तीतील माणसे ती ऐकून पोट धरून हसली, आणि हसता हसता आपल्या वस्तीच्या दुर्दशेचा विचारही करू लागली. ह्याच सुमारास युरोपात महायुद्ध पेटले होते. जर्मन फौजांनी रशियातील स्टालिनग्राड शहराला वेढले. पण तेथील सैनिकांनी आणि नागरिकांनी महिनोन् महिने झुंज देऊन इ. स. १९४३ च्या आरंभी शत्रूचा पराभव केला. ह्या लढ्यावर अण्णा भाऊंनी पोवाडा रचला. हजारो कोस दूरच्या शहराची ती कथा मुंबईच्या गिरणीकामगाराला आपलीच वाटली, कारण ती त्याच्या डफाच्या तालावर आणि त्याच्याच बोलीत सांगितली होती. पुढे ह्या पोवाड्याचा रशियन भाषेतही अनुवाद झाला.

इ. स. १९४४ मध्ये अण्णा भाऊ, शाहीर अमर शेख आणि शाहीर गव्हाणकर या तिघांनी मिळून लाल बावटा कलापथक स्थापन केले. शेतकरी आणि कामगार यांच्यापुढे त्यांचेच प्रश्न गाण्यांतून व नाट्यांतून मांडावयाचे, हे ह्या पथकाचे कार्य. चाळींच्या चौकांत, गिरण्यांच्या दारांत आणि खेड्यांच्या पटांगणांत त्याचे कार्यक्रम होऊ लागले. त्या काळी बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडून लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली होती. अण्णा भाऊंनी त्यांचीही हाक आपल्या पोवाड्यातून महाराष्ट्राला ऐकविली.

ह्या पथकासाठी लिहिताना अण्णा भाऊंनी तमाशाचे रूप पालटले. जुन्या तमाशाची बांधणी ठरलेली असे. आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. गणात गणपतीस वंदन करीत आणि गवळणीत कृष्ण व गोपींचा प्रसंग रंगवीत. अण्णा भाऊंनी गणात मातृभूमीला, हुतात्म्यांना आणि श्रम करणाऱ्या माणसांना वंदन केले. गवळणीचा भाग त्यांनी गाळला. वगात राजाराणीच्या जागी सावकार, शेठजी, ढोंगी पुढारी, शेतकरी आणि कामगार उभे केले. ढोलकीचा ठेका, सोंगाड्याचा विनोद आणि प्रेक्षकांशी थेट बोलण्याची रीत मात्र त्यांनी कायम ठेवली. लोकांच्या ओळखीचे पात्र तेच. त्यात ओतलेला आशय नवा. झाडीपट्टीतील खडीगंमत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही युक्ती चटकन समजेल. तेथेही शाहीर आणि सोंगाडे हसवीत हसवीत गावातील कोणाकोणाचे दोष नेमके दाखवितात.

ह्या नव्या प्रकारास लोकनाट्य हे नाव रूढ झाले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजीचे इलेक्शन’, ‘मुंबई कोणाची’ ही त्यांची गाजलेली लोकनाट्ये. ‘इनामदार’ नावाचे नाटकही त्यांनी लिहिले. स्वातंत्र्यानंतर सरकारने काही काळ लाल बावटा कलापथकावर बंदी घातली. तथापि लोकांच्या ओठांवर बसलेली गाणी बंदीने थांबत नाहीत. ती एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जातच राहिली.

पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ सुरू झाली. मुंबईसह सर्व मराठी भाषिकांचे एक राज्य व्हावे, ह्यासाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण वेचले. अण्णा भाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी ह्या चळवळीसाठी महाराष्ट्र पिंजून काढला. अण्णा भाऊंची मैनेवरची छक्कड त्या दिवसांत घरोघर पोहोचली. पोटासाठी मुंबईस आलेला एक कामगार गावी राहिलेल्या पत्नीच्या आठवणीने व्याकूळ होतो, असा तिचा विषय. परंतु त्या विरहात बेळगाव-कारवारच्या मराठी मुलखाचा वियोगही अण्णा भाऊंनी गुंफला. राजकारणातील अवघड प्रश्न त्यांनी असा घरातल्या दुःखाच्या भाषेत सांगितला, म्हणून तो सर्वांना कळला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. चांद्यापासून मुंबईपर्यंतचा मराठी मुलूख एका राज्यात आला, त्यात ह्या शाहिरांच्या डफाचाही वाटा आहे.

शाहीर म्हणून कीर्ती मिळत असतानाच अण्णा भाऊ कथा-कादंबऱ्याही लिहीत होते. मुंबईतील घाटकोपर येथील चिरागनगर ह्या झोपडपट्टीत एका लहानशा झोपडीत ते अनेक वर्षे राहिले. भोवती सदैव गोंगाट, घरात टंचाई, बसावयास पुरेशी जागा नाही. अशा स्थितीत त्यांनी आपल्या उत्तम कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतील ‘फकिरा’ ही सर्वांत प्रसिद्ध. लहानपणी वाटेगावी ऐकलेला फकिरा तीस वर्षांनी कागदावर उतरला. ही कादंबरी इ. स. १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. वि. स. खांडेकर ह्यांच्यासारख्या नामवंत कादंबरीकाराने तिला प्रस्तावना लिहिली. अण्णा भाऊंनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. इ. स. १९६१ मध्ये महाराष्ट्र शासनाने तिला पुरस्कार दिला.

फकिराची कथा अशी. गावात दुष्काळ पडतो. लहान मुले व वृद्ध अन्नाविना तडफडू लागतात. सरकारला त्यांची कीव येत नाही, आणि धान्याची कोठारे मात्र भरलेली असतात. तेव्हा फकिरा आणि त्याचे सोबती धान्य लुटतात आणि उपाशी माणसांत वाटतात. पुढे ते सरकारी खजिन्यावरही हात टाकतात. गावचे विष्णुपंत कुलकर्णी जातीचे अंतर विसरून त्यांच्या पाठीशी उभे राहतात. इंग्रज सरकारला फकिरा सापडत नाही, म्हणून ते त्याच्या आप्तांना आणि वस्तीतल्या निरपराध माणसांना पकडून ठेवते. ही बातमी ऐकताच फकिरा स्वतः होऊन सरकारच्या हवाली होतो. स्वतःचा जीव वाचविणे त्याला शक्य होते. पण आपल्यापायी इतरांनी हाल सोसावेत, हे त्याला मान्य झाले नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मुलांना अशा वीराची ओळख नवी नाही. इ. स. १८५८ मध्ये ह्याच अरण्यात गोंड वीर बाबूराव शेडमाके इंग्रजांशी लढले आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात फाशी गेले. सरकारी दप्तरांनी अशा माणसांची नोंद बंडखोर आणि गुन्हेगार म्हणून केली. त्यांच्या लोकांनी मात्र त्यांना आपले रक्षणकर्ते मानले. फकिराच्या बाबतीत हेच घडले होते. ज्या समाजाच्या कपाळी सरकारने गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्याच समाजातील एका वीराचे चरित्र अण्णा भाऊंनी अभिमानाने लिहिले आणि तो शिक्का पुसून काढला. ‘फकिरा’चे मोठेपण ह्यात आहे.

अण्णा भाऊंच्या कथांतही अशीच साधी माणसे भेटतात. ‘स्मशानातील सोनं’ ही त्यांची एक प्रसिद्ध कथा. तिचा नायक भीमा हा बलदंड तरुण खाणीत दगड फोडण्याचे काम करीत असतो. एके दिवशी खाण बंद पडते आणि त्याच्या घरातील चूल थंडावते. प्रेताबरोबर कधी कधी सोन्याचा कण जळतो किंवा पुरला जातो, हे त्याच्या ध्यानात येते. मग तो रात्री स्मशानात जाऊन राख चाळू लागतो. एका भयाण रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि त्याला ती कायमची गमवावी लागतात. नेमक्या त्याच वेळी बातमी येते, की खाण पुन्हा सुरू झाली आहे. दगड फोडण्याचे काम मिळते, पण दगड फोडणारी बोटे उरलेली नसतात. भीमा लहान मुलासारखा रडू लागतो. ही कथा वाचून झाल्यावर आपल्या मनात भीमाविषयी तिरस्कार उत्पन्न होत नाही. धष्टपुष्ट आणि कष्टाळू माणसाला स्मशानात जावे लागते ते कामाअभावी, हे लेखकाने एकही उपदेशाचे वाक्य न लिहिता पटवून दिलेले असते.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन अण्णा भाऊंनी केले. जगाचा भार पुराणातील शेष वाहत नसून राबणाऱ्या माणसांचे हात तो वाहत आहेत, असा विचार त्यांनी त्या प्रसंगी मांडला. ही केवळ सभेत शोभणारी कल्पना नव्हती. त्यांच्या बहुतेक कादंबऱ्यांचा पायाच तो आहे. त्यांच्या कथांतील स्त्रियाही अशाच मानी आहेत. संकटात सापडल्या तरी त्या हताश होत नाहीत. त्या झगडतात आणि ताठ मानेने जगू पाहतात. ‘वैजयंता’ ह्या कादंबरीत तर तमाशातील कलावंत स्त्रीचे दुःख आणि तिचा स्वाभिमान त्यांनी रंगविला. आधी फडात वावरलेल्या लेखकालाच ते जमण्यासारखे होते.

त्यांच्या पुस्तकांना वाचकांनी भरभरून प्रेम दिले. ‘वैजयंता’, ‘फकिरा’, ‘वारणेचा वाघ’ अशा अनेक कादंबऱ्यांवर मराठी चित्रपट निघाले. भारतातील आणि परदेशांतील भाषांत त्यांचे साहित्य अनुवादित झाले. इ. स. १९६१ मध्ये त्यांना रशियाला जाण्याचा योग आला. ज्या स्टालिनग्राडचा पोवाडा त्यांनी माटुंग्याच्या वस्तीत बसून रचला होता, ते शहर त्यांनी डोळ्यांनी पाहिले. ह्या प्रवासाचे वर्णन त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ ह्या पुस्तकात केले आहे. वाटेगावाहून मुंबईस पायी गेलेला मुलगा तीस वर्षांनी विमानातून परदेशी गेला, तो आपल्या लेखणीच्या बळावर.

एवढी कीर्ती लाभूनही अण्णा भाऊंचे दारिद्र्य मात्र हटले नाही. पुस्तके हातोहात खपत, चित्रपटगृहे भरत. पण लेखकाच्या पदरात त्यातील फार थोडे पडे. संसाराची ओढाताण, एकाकीपणा आणि ढासळलेली प्रकृती यांनी त्यांचे शेवटचे दिवस कष्टाचे गेले. मुंबईतील गोरेगाव येथे १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांच्या वयाला एकोणपन्नास वर्षेही पूर्ण झाली नव्हती. ज्यांच्या गाण्यांना हजारोंचा समुदाय जमे, त्यांची अखेर अशी विपन्नावस्थेत व्हावी, ही गोष्ट महाराष्ट्राला भूषणावह नाही. कलावंताच्या कलेवर प्रेम करणाऱ्या समाजाने त्याच्या भाकरीचीही चिंता वाहिली पाहिजे, हे त्यांचे चरित्र वाचताना ध्यानात ठेवावे.

मृत्यूनंतर त्यांचा गौरव उत्तरोत्तर वाढत गेला. मातंग समाजाच्या विकासासाठी महाराष्ट्र शासनाने इ. स. १९८५ मध्ये स्थापन केलेल्या महामंडळास त्यांचे नाव देण्यात आले. इ. स. २००२ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांचे चित्र असलेले तिकीट काढले. इ. स. २०२२ मध्ये रशियाची राजधानी मॉस्को येथील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा उभारण्यात आला. त्यांच्या साहित्याचा विद्यापीठांतून अभ्यास होतो. ज्याला शाळेत दोन दिवसही धड बसता आले नाही, त्याच्या पुस्तकांवर आज विद्वान मंडळी प्रबंध लिहीत आहेत.

अण्णा भाऊंना शाळेने दूर लोटले, म्हणून शाळेवाचून त्यांचे काही अडले नाही असे कोणी समजू नये. ती वाट किती खडतर होती, हे ती चालणारासच ठाऊक. त्यांच्यासारखीच बुद्धी असलेली कितीतरी मुले त्या काळी त्याच वाटेवर थकून बसली असतील आणि त्यांची नावेही आपल्याला कधी कळणार नाहीत. आज वर्गाचे दार सर्वांना उघडे आहे. आपल्या शेजारच्या बाकावर बसलेला मुलगा दगडफोड्याचा आहे, की धानाच्या बांधीत रोवणीला जाणाऱ्या आईचा आहे, ह्याचा विचार न करता त्याला आपले पुस्तक वाचावयास द्यावे. आणि आपल्या घरची, आपल्या गावची गोष्ट आपल्या भाषेत लिहावयास कधीही लाजू नये. अण्णा भाऊ साठे ह्यांचे स्मरण करण्याचा ह्याहून चांगला मार्ग नाही.